दोन चमचे

नाना पेठेत इलियास बागवानने डबी काउंटरवर ठेवली.
ॲल्युमिनियमची, मुठीएवढी, वर दोन तोंडं.
"काका, तुम्ही तर टेस्ट बेडवर होता,
तुम्हाला काय सांगायचं," म्हणाला
आणि मग दहा मिनिटं सांगतच राहिला.
पाण्याचा पाइप लावू नका, तेलाने फुगतो.
मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली.
निवृत्तीनंतर कुणी काही समजावलं
की बरं वाटतं.

रविवार. धनकवडी, सोसायटीचं पार्किंग.
मृण्मयीची गाडी, सेकंडहँड डिझेल,
रोज चाकण आणि परत.
मी बॉनेट उघडलं तेव्हा ती वर गॅलरीत फोनवर होती.
आवाज चढला की आत जायची.

टर्बोकडचा पाइप काढला, आत बोट फिरवलं.
नखापर्यंत काळं.

इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडायची नाही,
कायदाच आहे तसा.
एका नळीतून ती फिरून त्याच्याच नाकात येते,
तेलाचं धुकं, दमट, जळकट काहीबाही,
आणि इंजिन गिळतं.
वर्षानुवर्षं. कुरकुर नाही.
चढाला जरा दम लागतो,
आपण म्हणतो, वय झालं.

डबीने फक्त मध्ये उभं राहायचं.
धुकं जाळीवर आदळतं, थेंब होतो,
थेंब खाली, हवा पुढे.

बॅटरीशेजारी पट्टी बसवताना
दहाचा बोल्ट हातातून सुटला
आणि इंजिनाखाली कुठेतरी गेला.
पाऊण तास.
सेक्रेटरी खळदकर दोनदा येऊन
स्वतःच लिहिलेली पाटी वाचून गेले:
पार्किंगमध्ये गाड्या लावाव्यात, खोलू नयेत.
मी खाली कालचा पेपर पसरलेला,
त्यावर एक थेंब नाही. ते त्यांना दिसलं
आणि आवडलं नाही.

मृण्मयी खाली आली. डोळे धुतलेले.
टॉर्च धरून उभी राहिली,
बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,
"बाबा, हे उलटं नाही का?
इथे इन लिहिलंय."

एकतीस वर्षं मी इंजिनं कानाने ओळखली.
खोकणारं, धापणारं, खोटं गुणगुणणारं.
ती हसली नाही. मी क्लिपा सैल केल्या.

तीन आठवड्यांनी, जानेवारीची पहाट,
खालचा नट उघडला.
दोन चमचे.
दुधाळ चहाचा रंग, वर पिवळट साय,
थंडीत पाणी धरतंच.
"हे सगळं आत जात होतं?"
"थोडं थोडं."
तिने वास घेतला. "तुमच्या शर्टाचा."
ते शर्ट तिची आई वेगळ्या बादलीत भिजवायची,
निळ्या, कान तुटलेल्या.
ती बादली कुठे गेली, दोघांनाही आठवेना.

मी वहीत किलोमीटर लिहीत होतो. तेराशे वीस.
ती पायरीवर बसली आणि म्हणाली,
"चाकणची नोकरी मी नोव्हेंबरातच सोडली."

पेन थांबलं.
"मग रोज?"
"खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत जाते.
तिथे एक चहावाला आहे, काही विचारत नाही.
संध्याकाळ झाली की येते."

डब्बा भरून देणारे हात माझेच.
सकाळी आठला फाटकापर्यंत जाऊन
जपून जा म्हणणाराही मीच.
इंजिनाचा आवाज ऐकून रोज म्हणायचो,
आता छान चालतेय.

काही सुचेना म्हणून डबीचा नट आवळला,
मग पुन्हा थोडा जास्त आवळला.
"आटे जातील," ती म्हणाली.

ते दोन चमचे गटारात ओतायचे नव्हते.
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले,
चिकटपट्टीवर लिहिलं: खाऊ नये.
तिने माझ्या हातून पेन घेतलं,
खाली तारीख टाकली,
आणि आकडा. तेराशे वीस.
खोडला नाही, सगळा नीट लिहिला.